काढ की

३ फेब्रुवारी
विषय: इतर

आक्का,

या फॉर्मवर 'विषय' म्हणून तूच पर्याय ठेवलेस: चित्र विकत घेणे, प्रदर्शन, कार्यशाळा, इतर. बहिणीशी भांडण हा पर्याय ठेवायचा राहिला, म्हणून 'इतर' निवडलंय.

तुझ्या वास्तुशांतीपासून माझा नंबर तू ब्लॉक केलायस. राजवीरदाजींना फोन केला तर ते मीटिंगमध्ये असतात, रविवारीसुद्धा. पण माझ्या वेबसाइटचा हा 'संपर्क' फॉर्म तू बांधलास, आणि तो भरला की निरोप तुझ्याच मेलवर येतो. तू पुण्यात कॉम्प्युटरवर बसणारी, मी इथं शिवाजी पेठेत रंगानं हात बरबटलेली, म्हणून तेव्हा तसं ठरलं होतं. चित्राला गिऱ्हाईक आलं की तू मला कळवायचीस. आता मीच गिऱ्हाईक समज. हे दार बंद करायचं तुझ्या ध्यानात येईपर्यंत मी इथनं बोलणार.

आज सकाळी बेंगळुरूच्या गॅलरीतल्या बाईंचा मेल आला. स्नेहल, तुमची लिंक उघडते पण आईवरची चित्रं कुठं दिसत नाहीत. मला वाटलं त्यांच्याकडं नेट नसेल. मग मी उघडून बघितलं. वर माझं नाव, त्याखाली मेनू, मग मोठ्या अक्षरात मथळा, 'आईला विचारून काढलेली चित्रं'. आणि खाली मोकळं माळरान.

मथळा तेवढा ठेवलास. तू काम अर्धवट करणारी नव्हेस, त्यामुळं घाई झाली असणार. कुणाची घाई ते मला कळतं. तुझ्या सासूबाईंना कुणीतरी लिंक दाखवली असेल. सुनेच्या माहेरची 'डेअरी' बघायला त्या उत्साहानं चष्मा लावून बसल्या असतील, आणि समोर काय, तर लुगडं खोचून शेणाची पाटी डोक्यावर घेतलेली आई. एक दुभती म्हैस, तिचं रेडकू आणि दोन भाकड म्हशी, याला डेअरी म्हणायचं धाडस तुझंच. मी तसं कधी कुणाला सांगितलं नाही.

ही चित्रं म्हणजे माझी चार वर्षांतली पहिली धड चित्रं आहेत. बाकी मी लोकांच्या आजोबांचे फोटो बघून तैलचित्रं करते, आजोबांना फेटा घालते आणि नातवांनी सांगितलं तर मिशाही वाढवते. ही मात्र माझी आहेत. बेंगळुरूच्या बाईंनी त्यासाठी प्रदर्शनात जागा देऊ केली आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांची मंडळी बसून वेबसाइट बघून काय ते ठरवणार आहेत. हे तुला माहीत होतं, कारण त्यांचा पहिला निरोप फॉर्ममधनं तुझ्याच मेलवर आला आणि तूच तो मला पुढं ढकललास. माहीत असून काढलीस.

आज संध्याकाळी मी ती परत चढवणार. हात लावू नकोस.

स्नेहल


६ फेब्रुवारी
विषय: इतर

आक्का,

फॉर्म पाठवला की खाली येतं, 'आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.' आम्ही म्हणजे कोण गं? तू आणि दाजी?

मी चढवलेली चित्रं तू परत काढलीस, वर माझं लॉगिनही बंद केलंस. माझ्या नावाची वेबसाइट, माझी चित्रं, आणि मलाच आत जायला दार नाही. मालकीण म्हणून तुझं नाव लागलंय म्हणे. बरं. ठेव ती तुझ्याकडं, वाळवून खा.

मी नवी करतेय, माझी मी. आणि आता सुटलेच आहे तर सांगते, तुझी ती जुनी मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. काळीकुट्ट पाठ, त्यावर चित्रं आपोआप सरकतात, एक नीट बघेपर्यंत दुसरं हजर. वर इंग्रजीत माझी ओळख. मी 'पॅशनेट आर्टिस्ट' आहे, ऐतिहासिक नगरीतली. पॅशनेट म्हणजे काय ते मला इलाहीभाईंनी विचारलं होतं, आपले फ्रेमवाले, आणि मी सांगितलं की पुण्यात गेलं की सगळ्यांना तसं म्हणतात. तू हौसेनं केलंस म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

आणि मी वास्तुशांतीला ओरडले ते तू अजून धरून बसलीयस. धर. मला परत बोलावलंस तर परत ओरडीन. आपली म्हैस हौशी व्यालेली, पहिल्या चिकाचा खरवस आईनं स्वतः केला, बसमध्ये डबा मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत आणला. तुझ्या दारात उभी राहून म्हणाली, "मोना, मी आलो गं." आणि तू सगळ्यांच्या देखत हळूच म्हणालीस, "आई, आले म्हण." आपल्याकडच्या बायकांसारखं जन्मभर 'मी आलो, मी गेलो' बोललेली बाई. तूही तसंच बोलायचीस, पुण्याचं पाणी लागेपर्यंत. मीसुद्धा लिहिताना 'आले' लिहिते, पण चारचौघांत आईची भाषा दुरुस्त करायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

खरवस तू फ्रिजमध्ये ठेवलास आणि लोकांना बाजारची मिठाई वाढलीस. आई प्रत्येक ताटाकडं बघत होती. म्हणून मी ओरडले की तो डबा बाहेर काढ. झालं एवढंच.

परत येताना बसमध्ये आई खिडकीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी धारेला बसली. मी त्याच आठवड्यात चित्रांना हात घातला.

स्नेहल


११ फेब्रुवारी
विषय: प्रदर्शन

आक्का,

आज विषय बदललाय बघ.

नवी वेबसाइट झाली. लिंक पाठवत नाही, माझं नाव घालून शोध, सापडेल. तुझ्यासारखी गुळगुळीत नाही झाली. मेनू कधी वर असतो कधी खाली घसरतो, आणि जोडाक्षरं तर अशी फुटायची की 'चित्र'चं काहीतरी भलतंच दिसायचं. दुसरा फाँट घातला तेव्हा ताळ्यावर आली. पाठीचा रंग मी गोठ्यातनं घेतला. सारवलेल्या भुईचा फोटो काढला आणि त्यातला वाळत आलेला कडेचा रंग उचलला. त्यावर चित्रं बसली की काय दिसतात म्हणून सांगू. एकेक चित्र, सावकाश. सरकत नाही, पळत नाही. बघणाऱ्यानं बोट लावलं तरच पुढं जातं.

सगळ्यात जास्त छळलं 'विसावा'नं. तुला आठवत असेलच, काढण्याआधी बघितलं असशील तर. आई धारेला बसलीय, चरवी गुडघ्यांत, आणि कपाळ हौशीच्या कुशीला टेकलंय. चेहरा अर्धाच दिसतो, डोळा मिटलेला. बेंगळुरूच्या बाई म्हणतात की कष्टातला असा विसावा त्यांनी कुणाच्या चित्रात बघितला नाही. तर मोबाइलवर ते चित्र चौकोनात कापलं जायचं आणि नेमकं आईचं डोकं जायचं. नुसती म्हैस आणि दोन हात उरायचे. मी झगडले. चित्र खाली सरकवलं, वर सरकवलं, चौकट बदलली, कुणाकुणाला फोन करून विचारलं. शेवटी जमलं. आता कुठल्याही फोनवर उघड, आईचं डोकं आधी दिसतं, बाकी सगळं नंतर.

आणि ऐक. त्यांच्या मंडळींनी बघितलं. माझी निवड झाली. नुसती निवड नाही, निमंत्रणाच्या कार्डावर 'विसावा' घेतायत. तुझ्या सासूबाईंना एक कार्ड पोस्टानं पाठवू का? घरचा पत्ता माझ्याकडं आहे.

तुझं ते रिकामं पान अजून तसंच आहे, मथळ्यासकट. जुन्या लिंकवरनं लोक येतात आणि बघतात, 'आईला विचारून काढलेली चित्रं', खाली काही नाही. हसत असतील. तो मथळा तरी पुस गं. लाज माझी नाही, तुझी जाते आहे.

स्नेहल


१३ फेब्रुवारी
विषय: इतर

आक्का,

इलाहीभाईंकडं फ्रेमा आणायला गेलते. त्यांच्या फोनमध्ये जुनीच लिंक होती. मला दाखवून म्हणाले, "हे बरं केलंस पोरी. आईला इचारून काढलीस. तिला नको आसतील तर काढायलाच पायजेत."

मी म्हटलं, "इलाहीभाई, काढलेली म्हणजे मी काढलेली. रंगवलेली."

ते म्हणाले, "आगं पण खाली कायच न्हाय की. काढलेलीच म्हनायची."

मी तिथंच फ्रेमा टेकवून उभी राहिले. मथळा चुकून राहिला नव्हता. तू मुद्दाम ठेवला होतास. एक अक्षर न बदलता तू मला उत्तर दिलं होतंस, आणि मी दहा दिवस तुला अर्धवट काम केलं म्हणून हसत होते. हुशार आहेस. मला तुझ्या हुशारीचा पहिल्यापासून राग आहे.

घरी आले. आई वैरण टाकत होती. विचारलं, "मोनानं तुला काही विचारलं होतं?"

"इचारलं की. फोन आलता."

"काय म्हणाली?"

"आई, ती चित्रं काढू का, म्हनली. मी म्हनलं, काढ की."

"अगं, काढू म्हणजे काढून टाकू, असं विचारत होती ती."

आईनं पेंढी सोडली. "मला काय म्हाईत? तू बी त्येच इचारलंवतंस की. आई, चित्र काढू का. म्हनलं, धाकटीचं बघून थोरली बी चित्रं काढाय लागली आसंल. बरं वाटलं मला."

"फोन कधी आलता?"

"सांजचा. धारेला बसलोतो. लालबीनं फोन कानाला धरला."

लालबी म्हणजे इलाहीभाईंच्या घरच्या, तुला आठवत असतील, अजून तांब्या घेऊन दुधाला आपल्याकडंच येतात. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मोनाचा फोन एवढ्या दिवसांनी आला म्हणून मी पळत आणून दिला, आणि तिनं एवढंच विचारून ठेवला.

धारेला विचारलंस तू, आक्का. धारेला. आता तुझ्या पुण्यातल्या कुणाला सांगितलं तर त्यांना त्यात काय एवढं असं वाटेल, पण मला सांगू नकोस. ती युक्ती तूच मला शिकवलीस. पन्हाळ्याची सहल, मैत्रिणीकडं राहायला जाणं, पेठेतल्या पोरींबरोबर सिनेमा, जे एरवी आईनं मान्य केलं नसतं ते आपण धारेला विचारायचो. तेव्हा दावणीला तुळशी म्हैस होती. बोललं की म्हैस पान्हा चोरते, दूध सोडत नाही, म्हणून आई धारेला बोलत नाही. जा की. घे की. कर की. मान न वळवता दोन शब्द, आणि आपण परवानगी घेऊन पसार. 'धारेतलं व्हय' असं तूच त्याचं नाव ठेवलंस. त्याला काही अर्थ नसतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? सहलीसाठी ठीक होतं. आता या वयात, आईच्या चित्रांसाठी, मोठ्या कंपनीत माणसं हाताखाली वागवणारी बाई तू, आणि धारेतलं व्हय घेऊन मला तोंडावर मथळा मारतेस.

मी वेगळं विचारलं. मी फोनवरनं नाही विचारलं. मी तिच्या पाठीमागं स्केचबुक घेऊन समोरासमोर उभी होते.

पाठीमागं समोरासमोर. लिहून झाल्यावर वाचलं मी ते. हो, धारेलाच विचारलं. चित्र धारेचं होतं, मग कधी विचारणार? तू हसू नकोस.

स्नेहल


१६ फेब्रुवारी
विषय: इतर

आक्का,

काल दुपारी विचारलं. जेवणं झाली होती, म्हशी बसून रवंथ करत होत्या, आईला कुठं जायचं नव्हतं. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला. म्हटलं, "आई, आज नीट सांग. ही चित्रं सगळ्या जगाला दिसतायत. ठेवू का पुसून टाकू?" काढू हा शब्द मी मुद्दाम घेतला नाही.

तिनं पदरानं हात पुसले, चष्मा लावला. बोट कसं सरकवायचं ते एकदा विचारलं आणि मग स्वतः सरकवत गेली. शेणाच्या पाटीचं चित्र आलं तेव्हा हसली. "ढुंगान केवढं काढलंयस माजं."

"पुसू?"

"कशापाय? हाय तेवढंच काढलंयस. ऱ्हाऊ दे. शेनाची कसली लाज."

वैरणीचं बघितलं, रेडकाला पाजतानाचं बघितलं. त्यात तिला हौशीचं एक शिंग जास्त वाकडं वाटलं, पण ठेव म्हणाली. मग 'विसावा' आलं आणि तिचं बोट थांबलं. मी खूश होते बघ. मला वाटलं, आता तिला दिसलं मी काय केलंय ते.

"हेला काय नाव दिलंयस?"

"विसावा."

"विसावा न्हवं त्यो."

"मग काय?"

तिनं चष्मा काढला. "रडत हुतो मी."

ती म्हणाली, "घरात रडलं की तू बघतीस. दारात रडलं की पेठ बघती. हितं डोकं लावलं की कुनाला दिसत न्हाय. म्हस काय सांगत न्हाय कुनाला. तुझा बा गेल्यावर बी मी तितंच रडलो. पुन्याहनं आलो, तवा बी. आनि तू पाठीमागं हुबं ऱ्हाऊन काढत हुतीस."

मला राग आला, आक्का. तुझ्यावर नाही, तिच्यावर. मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं होतंस. विचारलं तर तूच म्हणालीस, काढ की."

"जास्ती बोललो आसतो तर आवाजावरनं कळलं नसतं व्हय तुला?"

"आणि बोललं की म्हैस पान्हा चोरते म्हणायचीस ते?"

"चोरती की. रोज न्हाय चोरत."

आता तू बस आणि मोज. पन्हाळा, सिनेमा, मैत्रिणी. आपल्याला वाटायचं आपण आईला खिंडीत गाठतो, हसायचो त्यावर. त्यातल्या कुठल्या दिवशी ती धार काढत होती आणि कुठल्या दिवशी रडत होती, ते आता मला सांगता येत नाही, आणि तुलाही येणार नाही.

मग ती म्हणाली, "बाकीची ऱ्हाऊ देत. हे एक काढ."

मी विचारलंच, "काढ म्हणजे?"

"काढून टाक. हितनं बी आनि त्या कार्डावरनं बी."

मी भांडले. ते माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे, याच्यासाठी मला बोलावलंय, हे गेलं तर बाकीच्यांना कोण विचारतंय, मी काय जन्मभर लोकांच्या आजोबांना फेटेच घालत बसू. सगळं बोलले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आसंल चांगलं. काढ." आणि उठून वैरणीकडं गेली.

मी काढलं. डोकं दिसावं म्हणून जी चौकट मी इतकी झगडून बसवली, ती आधी पुसली आणि मग चित्र. कॅनव्हास खोलीत भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. बेंगळुरूला कळवलं. बाईंनी खूप वेळ फोनवर समजावलं, आईची सही घ्या, चेहरा थोडा अंधारात घ्या, नाव बदला. मी नाही म्हटलं. त्यांचं उत्तर आज आलं. कार्डावर दुसऱ्या कुणाचं तरी घेतायत, आणि माझ्या बाकीच्या चित्रांचं मंडळींना विचारून कळवतो म्हणाल्या. म्हणजे काय ते तुला कळतं. तुमच्यात 'लवकरच संपर्क साधू' म्हणतात, तेच.

आता तुझं. हे मला काल दुपारपासून छळतंय म्हणून लिहिते, नाहीतर तुला लिहायचं मी थांबवणार होते. बारावीपर्यंत सकाळची धार तू काढायचीस. मला तुळशी जवळ येऊ द्यायची नाही, लाथ मारायची. त्या गोठ्यात तिच्या कुशीला डोकं लावून बसणाऱ्या दोघीच होत्या, आई आणि तू. ते चित्र बघितल्यावर तुला लगेच कळलं का? म्हणून काढलंस का? तसं असेल तर मग सांगायचं होतंस. सरळ लिहायचं होतंस की स्नेहल, ती रडतेय, तुला दिसत नाही का. मथळ्यातनं कसली टोमणेबाजी करतेस? आणि तसं नसेल, नुसतं सासूबाईंनी नाक मुरडलं म्हणून काढलं असशील, तर तुझ्यामुळं ती रडली तेच चित्र तू तिचीच लाज वाटून पुसलंस. दोन्हीतलं खरं कुठलं ते मला इथनं ओळखता येत नाही. राग मला दोन्हीचा येतोय. तिसरा राग माझा मला आहे, त्यात तू पडू नकोस.

तू कशासाठी डोकं टेकायचीस, हेही मी तुला कधी विचारलं नाही.

नव्या साइटवर मी मथळा बदललाय. 'आईला दुपारी विचारून ठेवलेली चित्रं.' लोकांना कळणार नाही, न कळू दे. तुझ्या जुन्या पानाचं तू बघ. आणि हा फॉर्म आता बंद केलास तरी चालेल, मला आणखी काही लिहायचं नाही.

काल वैरण टाकून परत आल्यावर तिनं मला एकच विचारलं, मोनानं ते चित्र बघून काढलं का न बघता. मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "तिला इचार." मी विचारणार नाही. तूच तिला सांग काय ते, आणि फोनवर नको, लालबी आता फोन धरणार नाहीत, मी सांगून ठेवलंय. सकाळ-संध्याकाळ आलीस तर ती तुला काय वाटेल त्याला 'व्हय' म्हणेल आणि तू ते घेऊन परत जाशील.

दुपारी ये. दुपारी धार नसते.

स्नेहल